नाकासमोर न बघता



नाशिक हे नाव कसे पडले असे इथल्या कुणालाही विचारा, शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट ऐकायला मिळते. काही जण नऊ शिखरांवरूनही हे नाव आले असे सांगतात, पण लोकांच्या तोंडी नाकच बसले आहे. तपोवनात कपिला-गोदावरीच्या संगमाजवळ लक्ष्मण तिचे नाक कापतो आहे असे रंगवलेले शिल्प आहे. आमच्या गटात गेले काही महिने सर्वांत जास्त वाद झाला तो या शिल्पावरून.

निमित्त असे. शहरातली लेणी, शिल्पे, स्मारके, रंगवलेल्या भिंती आपल्या आपण चालत पाहता याव्यात म्हणून बायकांसाठी नकाशा करायचे आम्ही ठरवले. घडीचा एक कागद आणि वाटेवर खुणा. गाइड नाही, ठरलेली वेळ नाही. सकाळचे पाणी, स्वयंपाक, मुलांची शाळा सांभाळणारीला दहा वाजता निघणाऱ्या फेरीत कसे सामील होता येणार? तिला पाऊण तास मिळेल तेव्हा तिने निघावे.

"मारहाणीच्या केसेस पडून असताना ही चैन कशाला?" असे आमच्यातल्याच काहींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण वस्तीतल्या बैठकीत मी विचारले, की गेल्या महिन्यात काही काम नसताना कोण घराबाहेर पडले? दळण, रेशन, दवाखाना, देऊळ याच्या पलीकडे उत्तर येईना. कारणाशिवाय रस्त्यावर दिसलेल्या बाईला "कशाला गेली होतीस?" असे विचारतात. तिच्यावर अत्याचार झाला तरी पहिला प्रश्न तोच असतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईवरच्या पुस्तकात बाईला विनाकारण रेंगाळण्याचा हक्क हवा असे मांडले, ते याचसाठी.

पहिला नकाशा मीच काढला होता. चौघींबरोबर तो चालून पाहिला आणि माझी चूक कळली. वाट दारूच्या दुकानासमोरून जात होती, दीड तासात एकही स्वच्छतागृह नव्हते, आणि एक मावशी म्हणाल्या, "बाई, हे सगळं तुम्हालाच वाचता येणार." आता आम्ही आधी पाणी, स्वच्छतागृह, बसायची जागा आणि बसथांबा यांच्या खुणा करतो आणि मग शिल्पांच्या. प्रत्येक वाट पाऊण तासाची ठेवली आहे. खुणा अक्षरांऐवजी चित्रांच्या आहेत.

काय दाखवायचे, याला तर तोटा नाही. पांडवलेणी म्हणतो त्या त्रिरश्मी डोंगरावरचे तिसरे लेणे गौतमी बलश्रीने दान दिले. तिथला लेख तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमासाठी अभ्यासतात, दान देणारी मागे राहते. दहाव्या लेण्यात नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचा लेख आहे. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी कायमची ठेव ठेवल्याची नोंद आहे. आपल्या बचतगटातल्या बायकांना हे सांगितले तेव्हा त्यांना केवढे अप्रूप वाटले!

काळाराम मंदिराच्या दरवाजांशी थांबायचे ते २ मार्च १९३० साठी. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या त्या सत्याग्रहाच्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष होते आणि २५ स्त्रिया होत्या. तिथून पुढे खडकाळी, शांताबाई दाणी यांची. इथल्या दलित वस्तीतली ही मुलगी शिकली, चळवळीत उतरली, विधान परिषदेपर्यंत पोचली.

इतिहास असा पायाखाली आणता येतो, हे इतरत्र बायकांनी करून दाखवले आहे. बॉस्टन शहरात स्वातंत्र्ययुद्धाच्या स्थळांना जोडणारी लाल रेघ रस्त्यावर आखलेली आहे. त्या वाटेवर बाया फारशा दिसत नाहीत म्हणून १९८९ साली तिथल्या शाळांतल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी स्त्रियांच्या इतिहासाची वेगळी वाट आखली.

राहिले नाव आणि खूण. गुलाबी रंग, टिकली, 'नारीशक्ती' अशा सूचना आल्या. हे सगळे दुकानात विकले जाते, त्यातून आपली वाट कशी ओळखू येणार? मग एका कार्यकर्तीला तिची आजी आठवली. आजी सांगायची, पोरीच्या जातीने नाकासमोर बघून चालावे. त्यावरून नाव ठरले, 'नाक वर करून'. खूण म्हणून झिजलेली साधी चप्पल, दोनच रंगांत, म्हणजे भिंतीवर कुणालाही काढता येईल.

आणि तपोवनातले ते शिल्प? ते नकाशातून गाळावे असे काहींचे म्हणणे होते. मी ठेवण्याच्या बाजूने होते. तिने लग्नाची मागणी घातली आणि तिचे नाक गेले. आज मागणी नाकारणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर अ‍ॅसिड पडते. या दोन गोष्टींमध्ये काय नाते आहे, ते त्या शिल्पासमोर उभे राहून बायकांनी एकमेकींशी बोलावे. शिल्पाला हात लावायचा नाही, फक्त नकाशावर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढायचे, एवढे एकमताने ठरले. वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटायची घाईही नाही.

८ मार्च आपण सगळ्याच साजरा करतो. पहिली वाट मात्र आम्ही २ मार्चला चालणार आहोत. तुमच्या गावातल्या पुतळ्यांत, भिंतींवर, शिलालेखांत बाया किती आणि कशा दिसतात, ते एकदा चालत जाऊन मोजा. दोघी-तिघी मिळून जा. आणि काय दिसले ते आम्हांला जरूर कळवा.