पाटी लावा!

ऑगस्ट २०२४ मध्ये एका सोमवारी मालवणात राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला आणि त्याच आठवड्यात बुधवारी केंद्रीय मंत्रिमंडळाने रायगडातल्या दिघीच्या उद्योगनगरीवर शिक्का उमटवला. ६,०५६ एकर जमीन, ५,४६९ कोटी रुपये, लाखावर रोजगार. पेढे वाटून झाले असतील तर एक साधा प्रश्न: हे झाले नाही, तर जाब कोणाला विचारायचा?

हा प्रश्न आगरदांड्याच्या धक्क्यावर उभे राहून विचारला पाहिजे. राजपुरी खाडीच्या या काठाला आगरदांडा, समोर दिघी. दिघी बंदराचा करार २००२ सालचा, आणि त्या बंदराची एक बाजू आगरदांड्यालाच आहे. तेव्हाही रोजगार येणार होता, रोह्याहून रेल्वे येणार होती. रेल्वे आली नाही. २०१८ मध्ये बंदर दिवाळखोरीच्या दारात गेले आणि २०२१ मध्ये अदानींनी ते ७०५ कोटींना घेतले. मधल्या काळात बंदरमंत्री बदलले, पालकमंत्री बदलले, सगळ्या पक्षांची सरकारे येऊन गेली. एकानेही उठून ‘आमचे चुकले’ म्हटले नाही. कोणाला म्हणायलाही लावले नाही.

खाडीवर व्हायच्या पुलाची तीच रड. तो ज्या रेवस ते रेड्डी सागरी मार्गावर, त्याचे स्वप्न पलीकडच्या आंबेतच्या अंतुल्यांचे, मुख्यमंत्रीपदाच्या काळातले, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचे. अंतुले २०१४ मध्ये गेले. गाड्या अजून फेरीबोटीत चढवाव्या लागतात. आणि या नव्या नगरीचा माल ज्या मुंबई-गोवा महामार्गावरून जायचा, त्याचे रुंदीकरण २०११ पासून चालूच आहे. येत्या गणपतीला चाकरमान्यांना विचारा!

मालवणात तर कमालच झाली. पस्तीस फुटी पुतळ्याला नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. काम नौदलाचे, असे राज्याने लगेच सांगून टाकले. वारा ताशी ४५ किलोमीटरचा होता, हेही सांगितले. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ इकडे रायगडच्या किनाऱ्यावर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने आदळले होते. मुरुडजवळच्या जंजिरा किल्ल्याचे बुरूज जागेवर आहेत. त्या बुरुजांना उद्घाटनाची तारीख गाठायची नव्हती.

जंजिरा संस्थानच्या नवाबाला मते मागायची नव्हती, तरी गारंबीच्या धरणाचे पाणी मुरुडकर आजही पितात. याचा अर्थ नवाबी बरी होती असा नव्हे. रयतेला तेव्हा जाब विचारायची सोयच नव्हती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि ती सोय झाली. मग ती वापरतो कोण? गोऱ्यांच्या नावाने बोटे मोडण्याचे दिवस केव्हाच सरले. जाब कसा विचारायचा यासाठी आपल्याच कोकणातून मजूर गेले त्या मॉरिशसचे उदाहरण घ्या. १९८२ मध्ये स्वातंत्र्याच्या नेत्यालाच, पंतप्रधान रामगुलाम यांना, लोकांनी घरी बसवले. मुख्य बेटावरच्या साठही जागा विरोधकांना गेल्या आणि ते निमूट पायउतार झाले. सुशासनाच्या मोजदादीत तो देश आफ्रिकेत वर्षानुवर्षे पहिला राहिला, तो काही कोनशिलांच्या संख्येवर नव्हे.

आपल्याकडे नेतृत्व म्हणजे कोनशिला. नारळ फुटला की पुढारी मोकळा, बदली झाली की अधिकारी मोकळा, आणि सातबारा हातातून गेलेला शेतकरी मात्र अडकलेला. उद्योगाला आमचा विरोध नाही. पोरे मुंबईला जाऊन गावे ओस पडण्याचा आम्हालाही कंटाळा आला आहे. पण आणखी एक गुंठाही घेण्यापूर्वी सरकारने एवढे करावे. रेल्वे कधी, पूल कधी, नोकऱ्या किती व कोणाला, आणि चुकले तर कोणत्या अधिकाऱ्यावर कारवाई, हे नावानिशी, तारखेनिशी, मराठीत लिहून आगरदांड्याच्या जेट्टीवर पाटी लावावी. फेरीबोटीची वाट पाहणाऱ्यांना वाचायला वेळ भरपूर आहे.