सात मिनिटांचं आक्रमण ड्राफ्टमधून कसं उभं राहतं, आणि धाराशिवच्या मुली त्या यादीत का नाहीत?

१९ जानेवारी २०२५. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाचा महिलांचा अंतिम सामना. भारतानं आपल्या पहिल्याच आक्रमणात नेपाळवर ३४ गुण चढवले आणि सात मिनिटांतच सामन्याचा कल कळून चुकला. अंतिम गुणसंख्या होती ७८-४०. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालच्या या संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. सोशल मीडियावर अभिनंदनाचा पाऊस पडला, राज्य सरकारनं कोटींमध्ये बक्षीस दिलं.

आता दुसरा आकडा बघा. २०२२ मध्ये 'अल्टिमेट खो-खो' ही व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा सर्वात वरच्या गटातल्या खेळाडूचं मानधन होतं ५ लाख रुपये. मात्र हे झालं पुरुष खेळाडूचं. महिला खेळाडूसाठी आकडाच नव्हता, कारण लीगचे पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे होते.

धाराशिवसाठी हा मुद्दा किरकोळ नाही. या जिल्ह्याची खो-खोमधली ओळख मुख्यतः मुलींनी घडवली आहे.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते समजून घेऊ

आयपीएलमध्ये लिलाव होतो. ज्याच्या खिशात पैसे जास्त, त्याचा हात वर. ड्राफ्टमध्ये तसं नसतं. खेळाडूंचे गट आधीच पाडलेले असतात, प्रत्येक गटाचं मानधन ठरलेलं असतं आणि संघ आळीपाळीनं एकेक खेळाडू निवडतात. अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या हंगामात ५ लाख, ३ लाख, दीड लाख आणि १ लाख असे चार गट होते. त्यामुळे बोली लावून कुणाला पळवता येत नाही. प्रश्न फक्त एवढाच उरतो, की तुमची पाळी येईपर्यंत कोण शिल्लक आहे आणि तुम्हाला नेमकं कोण हवंय.

ही पद्धत गाजली ती अमेरिकन फुटबॉलमुळे. तिथे आदल्या हंगामातला सर्वात कमकुवत संघ सर्वात आधी निवड करतो. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू फेकायच्या तयारीत असतो आणि समोरच्या संघाला साधारण अडीच-तीन सेकंदांत त्याच्यापर्यंत पोहोचायचं असतं. हे काम करणाऱ्या खेळाडूंसाठी ड्राफ्टमध्ये झुंबड उडते. २०१६ च्या हंगामात १६ पैकी एकच सामना जिंकलेल्या क्लीव्हलँड ब्राउन्सनं २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच निवडीत माइल्स गॅरेटला घेतलं, ते याच कामासाठी. त्याच ड्राफ्टमध्ये टी. जे. वॉट पिट्सबर्गला मिळाला तो ३० व्या क्रमांकावर. पुढे दोघंही लीगचे सर्वोत्तम बचावपटू ठरले. मॅक्स क्रॉस्बी तर २०१९ मध्ये चक्क १०६ व्या क्रमांकापर्यंत कुणी घेतला नव्हता. थोडक्यात, पहिली निवड मिळणं हे नशीब, पण ३० वा किंवा १०६ वा खेळाडू ओळखायला पारखी नजर लागते.

घड्याळाशी शर्यत लावून पळणाऱ्याला गाठणं, खो-खोचं आक्रमण म्हणजे नेमकं हेच.

३५ सेकंदांची किंमत

लीगच्या नियमात एक टर्न सात मिनिटांचा, म्हणजे ४२० सेकंदांचा. बचाव करणारे तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. साध्या स्पर्शानं गडी बाद केला की २ गुण. समजा, एक तुकडी बाद करायला आक्रमकांना सरासरी १४० सेकंद लागले. मग टर्नमध्ये तीन तुकड्या, नऊ गडी, १८ गुण. हेच काम १०५ सेकंदांत झालं तर चार तुकड्या, बारा गडी, २४ गुण. एका तुकडीमागे ३५ सेकंद वाचले आणि सहा गुणांचा फरक पडला.

सहा गुण म्हणजे किती? २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत झालेला पहिला अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्सनं तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा जिंकला. शेवटचे काही सेकंद उरलेले असताना ओडिशा ४३-४५ असा मागे होता. सूरज लांडेनं आकाशीय सूर मारून गडी टिपला. सूर मारून बाद केलं की २ ऐवजी ३ गुण मिळतात. साधा स्पर्श झाला असता तर बरोबरी झाली असती, सुरामुळे अजिंक्यपद मिळालं. दुसऱ्या हंगामात गुजरात जायंट्सनं चेन्नई क्विक गन्सला ३१-२६ असं हरवलं. तिथलाही फरक सहाच्या आतला.

मग ड्राफ्टमध्ये आक्रमण सुधारायचं तर कोण घ्यायचं?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं, ते म्हणजे 'वझीर'. नेहमीच्या खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही आणि बसलेल्या गड्यांच्या मधूनही जाता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही मुभा असतात. लीगमध्ये वझीराला हवं तसं, हव्या त्या दिशेनं धावता येतं आणि पॉवरप्लेमध्ये एकाऐवजी दोन वझीर मिळतात. त्यामुळे वेग, चटकन वळणं आणि दम या तिन्ही गोष्टी असलेला खेळाडू आधी उचलला जाणार हे उघड आहे.

दुसरा नंबर खांबाजवळ सूर मारणाऱ्याचा. चपळ बचावपटू खांबाचा आधार घेऊन हुलकावणी देतो. तिथे खांबाला धरून अंग झोकून देणारा खेळाडू नसेल तर तुकडी टिकत जाते, आणि ठरावीक वेळेपलीकडे टिकली की 'ड्रीम रन'चे बोनस गुण उलट समोरच्या संघाला मिळू लागतात.

खरी गोम मात्र बसलेल्या गड्यांत आहे. मैदानात पळणारा एक दिसतो, पण एकाआड एक उलट तोंडं करून बसलेले सहा जण आक्रमण चालवत असतात. खो कधी द्यायचा, कुणाला द्यायचा, उठता उठता पळणाऱ्याचा कोन कसा पकडायचा, हे सगळं क्षणार्धात ठरतं. खो मिळण्याआधी उठलं तर फाऊल, उशिरा उठलं तर गडी निसटला. ही जुळवाजुळव एका मैदानावर वर्षानुवर्षं घाम गाळून येते. ड्राफ्टमध्ये ती विकत घेणं सर्वात अवघड, कारण एका क्लबातली मुरलेली जोडी समोर असली तरी तुम्ही एकाला घेताच पुढच्या पाळीत दुसऱ्याला भलताच संघ उचलून नेतो. म्हणून ५ लाखांचे चार वझीर जमवलेला संघ कागदावर दणदणीत दिसतो आणि मॅटवर अडखळतो. दीड लाखाच्या गटातला, वेळेवर उठणारा गडी हाच कित्येकदा फायद्याचा सौदा असतो. खो-खोचा 'वॉट' किंवा 'क्रॉस्बी' शोधायचा तर तिथे.

धाराशिवकडे नेमकं तेच आहे

गावातल्या मैदानावर लहानपणापासून एकत्र खेळलेल्या मुली, ही धाराशिवची खरी पुंजी. सारिका काळे हे त्यातलं सर्वात ठळक नाव. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदाच समावेश झाला. तिथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. चंद्रजीत जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या सारिकाला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान २२ वर्षांनी मिळत होता. घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असताना खेळत राहिलेली ही मुलगी पुढे तुळजापूरची तालुका क्रीडा अधिकारी झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५५ वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही तेव्हाच्या उस्मानाबादेतच भरली. आणि २०२५ मध्ये अश्विनी शिंदे विश्वविजेती.

सारिकाच्या वाटचालीत एक गोष्ट लक्षात येते. खेळानं तिला स्थैर्य दिलं ते सरकारी नोकरीच्या रूपात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, रेल्वे, विमानतळ प्राधिकरण हेच आज खो-खो खेळणाऱ्या मुलीचे रस्ते आहेत. म्हणजे तिचा ड्राफ्ट होतो, पण तो भरतीच्या जाहिरातीत. आक्रमण किती धारदार आहे यापेक्षा प्रमाणपत्र कोणत्या स्पर्धेचं आहे, याला तिथे जास्त वजन. नोकरी वाईट नाहीच, उलट कोणत्याही लीगपेक्षा टिकाऊ. पण मुलाला तोच रस्ता मोकळा असतो, वर २२ दिवसांच्या एका हंगामात ५ लाखांपर्यंतची कमाईही असते. मुलीला दुसरा पर्यायच मिळालेला नाही.

महिला लीगला अडचण काय?

नेहमीचा आक्षेप असा, की पुरेशा दर्जेदार खेळाडू मिळतील का? पुरुषांच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सहा संघांनी २४० जणांच्या यादीतून १४३ खेळाडू घेतले होते. तेवढा मोठा पसारा मुलींसाठी पहिल्याच वर्षी मांडायची गरज नाही. चार संघ, प्रत्येकी पंधरा जणी, म्हणजे ६० खेळाडू पुरतात. एकट्या महाराष्ट्राच्या पुणे, ठाणे, धाराशिव पट्ट्यातूनच यातला मोठा वाटा भरून निघेल.

दुसरा आक्षेप प्रेक्षकांचा आणि पैशांचा. त्यात तथ्य आहे, पण इतर खेळांचा अनुभव दोन्ही बाजूंनी बोलतो. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली, २०१६ मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा झाली आणि ती त्या एका हंगामावरच थांबली. क्रिकेटमध्ये आयपीएल २००८ ची, महिला प्रीमियर लीग २०२३ ची. पंधरा वर्षं गेली, पण सुरुवात झाली त्या पहिल्याच लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. कबड्डीत सामने दाखवले गेले, पण पुढच्या वर्षीची शाश्वती दिली गेली नाही. क्रिकेटमध्ये मंडळानं संघ विकले, करार केले, मगच चेंडू टाकला.

खो-खोसाठी वेळेचा प्रश्न जास्त टोकदार आहे. हा खेळ गुडघ्यांवर आणि घोट्यांवर चालतो, आणि वयाची पंचविशी ओलांडली की बऱ्याच मुलींच्या घरी लग्नाचा विषय निघतो. दिल्लीत ३४ गुण चढवणाऱ्या संघाला पंधरा वर्षं थांबायला सांगणं म्हणजे ती अख्खी पिढी ड्राफ्टबाहेरच निवृत्त होणं.