चावडीवरील फलक

वर्तमानपत्र हाती येताच मोठी माणसे प्रथम दिल्लीची बातमी वाचतात, मग मुंबईची, मग परदेशातील युद्धाची किंवा क्रिकेटच्या सामन्याची. सर्वांत शेवटी, वेळ उरलाच तर, जिल्ह्याच्या पानावरून त्यांची दृष्टी फिरते. आपल्या गावाची बातमी मात्र त्यांच्यापैकी बहुतेक जण कधीच वाचीत नाहीत, कारण ती वर्तमानपत्रात क्वचितच येते. ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयाबाहेर एका फलकावर लावलेली असते. पावसाने शाई ओघळलेली, कोपरे उडालेले आणि तळाशी सचिवाची सही व शिक्का असलेले ते कागद कोणी वाचतो असे फारसे दिसत नाही.

मुलांनो, त्या फलकाविषयी मला आज तुमच्याशी बोलावयाचे आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. तुमच्या गावात प्रसिद्ध होणाऱ्या साऱ्या मजकुरात त्या फलकावरील मजकूर अधिक महत्त्वाचा आहे. आणि तो वाचला जात नाही, ही केवळ आळसाची गोष्ट नसून धोक्याची गोष्ट आहे.

त्या कागदांवर असते तरी काय? आठवडे बाजाराच्या वसुलीचा लिलाव कधी व्हावयाचा आहे; घरपट्टी व पाणीपट्टी कोणाकडे थकली आहे; घरकुलासाठी कोणाची नावे धरली आहेत; कोणत्या गल्लीतील नालीचे काम मंजूर झाले आणि त्याला किती रुपये लागणार आहेत. कोणी म्हणेल, नाली, दिवे आणि नळ यांत वाचण्यासारखे ते काय? पण दिल्लीत मंत्री बदलला तर तुमच्या आईचा दिवस बहुधा बदलत नाही. आणि नळाला चार दिवस पाणी आले नाही, तर तिचा सारा दिवस हंडे वाहण्यात जातो. मराठवाड्यात राहणाऱ्याला हे अधिक समजावून सांगावे लागू नये. पैठणजवळ जायकवाडीचा एवढा विस्तीर्ण जलाशय असूनही आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अनेक गावांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेली आहे. तो टँकर कोणत्या वस्तीवर आधी जावा, हा प्रश्न कोणी तरी गावातच सोडवीत असतो.

त्या फलकावर वर्षातून निदान चार वेळा एक विशेष कागद लागतो. त्यावर ‘ग्रामसभेची नोटीस’ असे शब्द असतात. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथे नीट ध्यानात घ्यावे. ग्रामपंचायत म्हणजे गावाने निवडून दिलेले सात ते सतरा सदस्य आणि त्यांचा सरपंच. ग्रामसभा म्हणजे ज्यांची नावे गावच्या मतदारयादीत आहेत ती सगळी माणसे. सावकारही त्यात आहे आणि सालगडीही आहे. शेतावर निघालेला तरुण आहे, तशी चुलीपुढे बसलेली त्याची आईही आहे. खर्चाचा हिशेब या सर्वांपुढे ठेवला जातो, आणि योजनांचा लाभ कोणाला द्यावा हे ठरविण्यात त्यांचा शब्द असतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने महाराष्ट्रातील ही व्यवस्था उभी केली, आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला संविधानाचा आधार दिला.

आता त्या नियमांतील एक गोष्ट सांगतो. ती तुम्हांला कोरडी वाटेल, पण सारी मेख तिच्यातच आहे. ग्रामसभा भरावयाची तर मतदारांपैकी शेकडा पंधरा किंवा शंभर माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी तरी, हजर असावी लागतात. यास गणपूर्ती म्हणतात. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते. पुढे तीच सभा पुन्हा बोलाविली जाते, आणि त्या वेळी मात्र गणपूर्तीची अट राहत नाही. मग ओट्यावर दहा माणसे बसलेली असली तरी त्यांनी केलेला ठराव हा दोन हजार वस्तीच्या गावाचा ठराव ठरतो. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माणसे आली नाहीत म्हणून गावाची कामे अडून राहू नयेत, एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु जे घरी बसले त्यांनी आपले मत कोणाच्या पदरात टाकले, याचा विचार तुम्हीच करून पाहा. पुढे ‘आम्हांला कोणी विचारले नाही’ असे तेच लोक पारावर बसून म्हणत असतात. विचारले होते, फलकावर कागद लावून, सात दिवस आधी विचारले होते.

हा अधिकार आपणांस फुकट मिळालेला नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. पाटील, कुलकर्णी ही गावची पदे तेव्हा घराण्यांत चालत आलेली असत. ज्याच्या बापाकडे पाटीलकी, त्याच्या मुलाकडे पाटीलकी. वतनदारांत सज्जन पुष्कळ होते, हे मी नाकारीत नाही. तथापि सज्जन असो वा दुर्जन, त्याला बदलण्याची सोय गावापाशी नव्हती.

गावाच्या हाती सत्ता द्यावी की नाही, याविषयी थोर माणसांतही एकमत नव्हते. महात्मा गांधींना स्वराज्य गावापासून उभे राहावे असे वाटे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मात्र गावाचा तितका भरवसा वाटत नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी घटनासभेत खेड्यांवर कठोर टीका केली. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीय वृत्तीचे आगर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गावाच्या वेशीबाहेर ज्यांना राहावे लागले, सार्वजनिक विहिरीवर ज्यांना पाणी भरू दिले गेले नाही, त्यांच्या वतीने ते बोलत होते. पुढे त्याच महिन्यात ग्रामपंचायती स्थापन करण्याविषयीचे कलम घटनासभेने स्वीकारले, व संविधानात ते चाळिसावे कलम झाले. मला वाटते, या दोघांनाही आपण आज विसरता कामा नये. गावाला सत्ता मिळाली, ती गांधीजींच्या इच्छेप्रमाणे. पण त्या सत्तेत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवल्या, त्या बाबासाहेबांनी दाखविलेले भय खरे होते म्हणून. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविण्याचाही नियम आहे. चारचौघांत पुरुषांपुढे ज्यांचे तोंड उघडत नाही त्यांना तेथे बोलता यावे, हा त्यामागील विचार.

एवढे असूनही काही गावांनी या अधिकाराचे काय केले ते ऐका. २०२० च्या अखेरीस राज्यात ग्रामपंचायतींच्या निवडणुका व्हावयाच्या होत्या. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा चक्क लिलाव झाल्याचे उघडकीस आले. उमराण्यातील बोली दोन कोटी रुपयांच्या पुढे गेली होती. हा पैसा देवळाच्या कामी लागणार, असे सांगण्यात आले. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये या दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. कित्येकांना यात काय चुकले हेच कळले नाही. ‘देवाचे काम झाले, निवडणुकीतील भांडणे टळली, मग बिघडले कोठे?’ असे विचारणारे शिकलेले लोकही मला भेटले आहेत. बिघडले ते असे की, ज्याच्यापाशी पैसा नाही त्याला गावचा कारभार पाहण्याचा हक्क नाही, असे त्या लिलावाने ठरविले. गावात आपसांतील समजुतीने निवडणूक बिनविरोध झाली तर मला आनंदच वाटेल. पण ती समजूत कोणाकोणाची झाली, वेशीजवळच्या वस्तीला तीत विचारले होते काय, हे पाहिल्यावाचून मी टाळी वाजविणार नाही.

याउलट एक उदाहरण आपल्या शहराच्या जवळचेच आहे. पाटोदा हे गाव भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना महाराष्ट्रभर नावारूपास आले. तेथे केलेली एक युक्ती मला फार आवडते. सारा कर वेळेवर भरणाऱ्या कुटुंबाचे दळण ग्रामपंचायतीच्या गिरणीतून विनामूल्य दळून मिळू लागले. थकबाकीदाराच्या दारात उभे राहून ओरडण्यापेक्षा हे किती शहाणपणाचे! कर म्हणजे खिशातून गेलेला पैसा, असे लोकांना वाटत असते. तोच पैसा पीठ होऊन घरी परत आलेला गृहिणीला दिसला, म्हणजे पुढच्या वर्षी कर भरण्याची आठवण तीच घरात करून देते. गावाची सुधारणा म्हणजे मोठमोठ्या इमारती, अशी समजूत असणाऱ्यांनी या गिरणीचा विचार करावा.

आपल्याकडेच माणसे सभेला जात नाहीत, बाहेर सर्वत्र मोठी जागृती आहे, असे समजून मान खाली घालण्याचे मात्र कारण नाही. इंग्लंडमध्ये खेड्यांचा कारभार पॅरिश कौन्सिल पाहते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील गाव. पूर्वी तेथील सभा चर्चच्या वस्त्रे ठेवण्याच्या खोलीत भरे, आणि धर्मगुरू व मोठे जमीनदार म्हणतील ते होई. १८९४ च्या कायद्याने हा कारभार चर्चपासून वेगळा काढून निवडून आलेल्या मंडळाकडे दिला. त्याच कायद्याने स्त्रियांना, विवाहित स्त्रियांनाही, या मंडळांसाठी मत देण्याचा व उभे राहण्याचा अधिकार दिला. तेथील पार्लमेंटसाठी मत देण्याचा अधिकार मिळण्यास त्यांना १९१८ साल उजाडावे लागले. आज इंग्लंडमध्ये अशी सुमारे दहा हजार मंडळे आहेत. पायवाटा, मुलांची क्रीडांगणे, दफनभूमी, बसथांब्याचा निवारा, गावचे सभागृह, असे त्यांचे विषय. तेथेही गावात सूचनाफलक असतो. आणि गंमत अशी की, त्यांच्या कित्येक जागांसाठी पुरेसे उमेदवारच उभे राहत नाहीत. मग उरलेल्या सदस्यांना कोणाला तरी बोलावून जागा भरून घ्यावी लागते. चेशायर परगण्यातील हँडफोर्थ येथल्या मंडळाची सभा २०२० च्या डिसेंबरात संगणकावरून भरली होती. सभेचे नियम कोणाला ठाऊक आहेत आणि सभा कोणी चालवावी, यावरून सदस्य असे भांडले की, पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये ते चित्रीकरण लक्षावधी लोकांनी पाहिले व ते पोट धरून हसले. आपल्या चावडीवरील एखाद्या सभेची आठवण अनेकांना तेव्हा झाली असेल. मला स्वतःला त्या भांडणाचे दुःख वाटत नाही. रिकाम्या खोलीतील शांततेपेक्षा भरलेल्या खोलीतील वादावादी मी केव्हाही पत्करीन. मात्र वाद मुद्द्यावर असावा, आणि पाणीपुरवठ्याचा विषय निघाला असता भावकीचे जुने बांध कोणी उकरू नयेत.

‘हे सारे मोठ्यांना सांगा, आम्हांला तर मताचा अधिकारच नाही,’ असे तुमच्यापैकी चतुर मुले म्हणतील. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तो नाही, हे खरे. पण वाचण्याला वयाची अट नाही. माझ्या नोकरीच्या काळात एका गावी शाळेची वाट चावडीवरूनच जात असे. तेथील फलकावर वाढदिवसाच्या शुभेच्छांची एवढी रंगीत पत्रके चिकटविलेली असत की, सभेची नोटीस त्यांच्याखाली झाकून जाई. सातवीतील दोघी मुलींनी ती पत्रके एके दिवशी हळूच सोडवून शेजारच्या भिंतीवर नीट लावून दिली. कोणी रागावले नाही, कोणी शाबासकीही दिली नाही. नोटीस मात्र दिसू लागली.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास ग्रामसभा घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. स्वातंत्र्यदिनी तुम्ही झेंडावंदनाला जाताच. खाऊ मिळाला की मुले घरी धावतात, आणि पुष्कळदा त्यानंतर थोड्याच वेळात त्याच आवारात सभेची सतरंजी अंथरली जाते. मागच्या बाजूस गुपचूप बसून ऐकणाऱ्या मुलाला सहसा कोणी उठवीत नाही. तेथे अंदाजपत्रक, थकबाकी, ठराव, अनुमोदन हे शब्द कानी पडतील. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ते पाठ करताना जो कंटाळा येतो तो तेथे येणार नाही, कारण ते शब्द तुमच्याच गल्लीविषयी उच्चारले जात असतील.

त्याच्या आठवडाभर आधी, शाळेतून येताना, फलकावरील नोटीस वहीत उतरवून घ्यावी आणि रात्री जेवणे आटोपल्यावर घरात वाचून दाखवावी. आजीला अक्षरओळख नसेल, तर तिच्याजवळ बसून एकेक विषय सावकाश सांगावा. कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यात पाणी आटते, पावसाळ्यात कोणाच्या दारात नाली तुंबते आणि घरकुलाच्या यादीतून कोणाचे नाव राहून गेले आहे, हे तिला पुष्कळदा सचिवापेक्षा अधिक ठाऊक असते. सभेचा दिवस कोणता आणि वेळ कोणती, तेही तिला सांगून ठेवावे.