भाद्रपदातला मोत्या

भाद्रपद लागला की राखणीचा कुत्रा माजावरच्या कुत्रीमागं पळतो. चार-पाच दिवसांनी अंगावर चावे घेऊन परततो, अन् पोरं त्याच्या गळ्यात पडतात. थांबा! आधी त्याला बांधा, जनावरांच्या दवाखान्यात न्या. पिसाळलेल्या कुत्र्यानं चावा घेतला असेल, तर रोग महिन्या-दोन महिन्यांनीही उठतो. उठल्यावर औषध नाही. पोराला दात वा नख लागलं, तर चुना-मिरची कसली भरता? वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातली १४ इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता दंडात देतात. माराच्या भीतीनं पोरं ओरखडा लपवतात. रागावू नका, नीट विचारा. अन् मोत्याला दरवर्षी लस टोचा, श्रावणातच.