मथळ्यातली मदनिका

लॉस एंजेलिसच्या बेनेडिक्ट कॅन्यन भागातल्या एका पडक्या अवस्थेतल्या घरात २७ एप्रिल २०११ रोजी इव्हेट विकर्सचा वाळून कोळ झालेला मृतदेह सापडला. मरून कित्येक महिने, कदाचित वर्षही झाले असावे. खोलीतला हीटर तेव्हाही चालू होता. बातमी जगभर गेली ती 'प्लेबॉयची माजी मॉडेल' या बिरुदासह.

हे बिरुद जुलै १९५९ च्या एका अंकाचे. त्याआधी १९५० च्या 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये फोनवर खिदळणारी पोरगी ती झाली होती. काम क्षणभराचे, श्रेयनामावलीत नाव नाही. (तो चित्रपट विस्मृतीत गेलेल्या नटीचा. मृत्युलेख लिहिणाऱ्याला हा योगायोग सोडवत नाही, आम्हालाही सोडवला नाही.) पुढे जेम्स कॅग्नीने दिग्दर्शित केलेल्या एकमेव चित्रपटात तिला भूमिका मिळाली आणि १९५८ साली 'अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन'मध्ये दुसरीच्या नवऱ्याला नादी लावणारी हनी पार्कर. पाठोपाठ राक्षसी जळवांचा चित्रपट. स्वस्तातल्या भयपटांना अशी चटकचांदणी हवी असे. तिशी ओलांडली की नवी बघायची. 'हड'मध्ये १९६३ साली तिच्या वाट्याला पुन्हा किरकोळच काम आले.

या साऱ्यावरून 'झगमगाटाचा शेवट हा असा' असे तात्पर्य काढणे सोपे, पण ते खोटे. उलट त्या जुन्या भयपटांमुळेच तिला म्हातारपणी चाहते होते, ती त्यांच्या मेळाव्यांना जात असे. शेजारणीला शंका आली तीही टपालपेटीवरची कोळिष्टके आणि आत पिवळी पडलेली पत्रे पाहून. झगमगाट विझून तर पन्नास वर्षे झाली होती. मेली ती एकटी राहणारी, नातेवाइकांचा फारसा राबता नसलेली म्हातारी. हृदयविकाराने, नैसर्गिक मृत्यूने. निवृत्त कारकून बाई असती तरी हेच घडले असते, फक्त मग बातमी स्थानिक पानाच्या कोपऱ्यात गेली असती.

तरुणपणी शरीरावर तिकिटे विकली, मेल्यावर त्याच शरीरावर अंक विकले. पुन्हा अशी बातमी हाती आली, तर संपादकांनी मथळ्यातले 'प्लेबॉय' खोडावे आणि तिथे वय लिहावे. इव्हेटच्या बाबतीत ते ऐंशीच्या पुढे होते.