बँड सोडून काय करता?

कॉलेज फेस्टच्या बँड कॉम्पिटिशनचा फॉर्म भरला असेल, तर त्यातला ‘इन्फ्लुएन्सेस’चा रकाना तुम्हाला आठवत असेल. उत्तरं ठरलेली असतात. पिंक फ्लॉइड, मेटॅलिका, टूल, फार तर रेहमान. दहा बँडचे फॉर्म शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा हे सांगता येणार नाही. स्टेजवरही तेच होतं. पोरं झकास वाजवतात, सोलो अगदी जसाच्या तसा उतरवतात, टाळ्याही पडतात आणि घरी जाईपर्यंत बँडचं नाव विसरायला होतं.

माझ्या मते तो रकानाच चुकलाय. हा बँड काय ऐकतो यापेक्षा गिटार खाली ठेवल्यावर ही मंडळी काय करतात, ते विचारा.

‘इंडियन ओशन’ ऐकलंय ना? नसेल तर आज रात्री ‘मा रेवा’ लावा. रेवा म्हणजे नर्मदा. नर्मदेच्या खोऱ्यातलं हे लोकगीत बँडच्या २००० सालच्या ‘कंदिसा’ अल्बममध्ये आहे. ते बँडपर्यंत आलं बासिस्ट राहुल राममुळे. या माणसाने कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. केली आणि परत येऊन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात घालवली. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली मणिबेलीसारखी गावं ज्या धरणाने बुडवली, त्याच धरणाविरुद्धचं हे आंदोलन. तिथे मोर्चे होते, बैठका होत्या आणि लोक गात होते. गाणं तिथे सापडलं.

आता यातली मेख बघा. तो गाणी गोळा करायला खोऱ्यात गेला नव्हता. आंदोलनासाठी गेला होता, गाणं सोबत आलं. आज आपण ट्रेकला जातो तेही रील डोक्यात ठेवून. ‘याचं काहीतरी कंटेंट होईल’ म्हणून जोपासलेल्या छंदातून कंटेंटच होतं, गाणं होत नाही. कॉर्नेलची डॉक्टरेट खिशात असलेल्या मुलाने मोर्च्यात फिरणं रेझ्युमेवर कसं दिसलं असेल याची कल्पना करा. तुमच्या घरी चाललं असतं?

याच अल्बमचं शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना आहे. दिल्लीचा रॉक बँड आणि अरामी! सराव कुठे, तर करोल बागेतल्या एका जुन्या घरात. पुढे त्या घराचा पत्ताच अल्बमचं नाव झाला : ‘१६/३३० खजूर रोड’. २०१० मध्ये त्यातली गाणी महिन्याला एक, अशी त्यांनी इंटरनेटवर फुकट वाटली.

मुंबईतही असे नमुने आहेत. ‘डेमॉनिक रेझरेक्शन’चा साहिल माखिजा स्टेजवर ज्या आवाजात ओरडतो तो तुमच्या आजीला ऐकवू नका, पण त्याचा यूट्यूब चॅनेल तिला नक्की दाखवा. ‘हेडबँगर्स किचन’ असं त्याचं नाव. मेटलवाल्यांशी गप्पा मारत रांधणं अशी सुरुवात झाली आणि पुढे तो कीटो रेसिपींसाठी जगभर ओळखला जाऊ लागला. शिवाय याच बँडने २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम केला. मत्स्य, कूर्म, वराह, सगळे अवतार मेटलमध्ये. कोचीच्या ‘मदरजेन’मध्ये गिटार वाजवलेला बैजू धर्मजन गिटारच्या आधी कर्नाटक संगीतातलं व्हायोलिन शिकला. त्याच्या गिटारमधली गमकं ऐकलीत की ते लगेच कळतं.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. आपल्याकडच्या बहुतेक स्वतंत्र रॉकवाल्यांचं ‘दुसरं काहीतरी’ म्हणजे छंद नसतो, नोकरी असते. कुणी जाहिरातीत, कुणी आयटीत, कुणी मुलांच्या शिकवण्या घेतं. गिगच्या पैशांत अनेकदा टेम्पोचं भाडंही सुटत नाही. त्यामुळे ‘बघा, नोकरी सांभाळून बँड चालवतात’ असं कौतुक करताना जरा जपून. थर्ड इयरला प्लेसमेंट लागली की ड्रमर बंगळुरूला जातो आणि बँड संपतो, हे प्रत्येक कॉलेजात घडतं. त्यात ड्रमरची काही चूक नाही. चूक आपल्या समजुतीची आहे. एकतर पूर्ण वेळ संगीत, नाहीतर काहीच नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं?

ऐकण्याचंही तसंच. तुमचं ॲप तुम्हाला काल आवडलेल्यासारखंच आज ऐकवतं. गेल्या महिन्यातली प्लेलिस्ट उघडून बघा. पन्नास गाणी असतील, पण आवाज तीनच. मग तुमच्या रिफमध्ये चौथा आवाज येणार कुठून? तो ॲपच्या बाहेर असतो. सोसायटीतल्या भजनी मंडळाच्या पखवाजात, आत्याला पाठ असलेल्या ओवीत.

पुण्यातल्या ड्रमर्सना तर मला थेट विचारायचंय. तुमच्यातले कितीतरी जण पावसाळ्यात दीड-दोन महिने नदीकाठी ढोल-ताशा पथकाचा सराव करता. हाताला फोड येतात, बोटांना टेप गुंडाळून वाजवता, ताशाची तर्री झोपेतही डोक्यात चालू असते. आणि सप्टेंबर संपला की ड्रम किटवर बसून पुन्हा तेच परक्याचे बीट्स. का? ‘ते वेगळं, हे वेगळं’ म्हणून?

गाण्यावर उगाच ढोल चिकटवा असं मी म्हणत नाहीये. तसली फ्यूजनची कोशिंबीर आपण फेस्टमध्ये पुष्कळ खाल्ली आहे. वरून भुरभुरलेली कोथिंबीर लगेच ओळखू येते. पण तुमचा डावा हात जे इतके पावसाळे शिकलाय, ते विसरल्याचं नाटक कशाला? जॅमला बसाल तेव्हा एकदा कव्हर बाजूला ठेवा आणि त्याला हवं ते वाजवू द्या. बासिस्ट पाच मिनिटं गोंधळेल. गोंधळू दे.