काळ्या माणसाची प्रतिमा : कॅमेरा कुणाचा, नजर कुणाची?

गाण्याचा व्हिडिओ म्हणजे टाइमपास, त्यात कसले आले राजकारण? असे आपल्या चळवळीतलेही अनेकजण म्हणतात. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ज्या समाजाला शाळेपासून, छापखान्यापासून आणि सत्तेपासून दूर ठेवले गेले, त्याच्याविषयी बाकीच्या जगाला जे 'माहीत' असते, ते बहुतेक वेळा दुसऱ्याने रंगवलेल्या चित्रातून माहीत असते. अमेरिकेतील काळ्या माणसांच्या वाट्याला हेच आले, आणि तिथल्या म्युझिक व्हिडिओंचा इतिहास हा या चित्रावर ताबा कुणाचा याच्या भांडणाचा इतिहास आहे.

१८३० च्या दशकात थॉमस राईस नावाचा गोरा नट तोंडाला काळे फासून 'जिम क्रो' नावाचे पात्र रंगवायचा. फाटके कपडे, वेडीवाकडी अंगे, मूर्खासारखे नाचणे आणि समोर खदखदून हसणारा गोरा प्रेक्षक. पुढे दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांना वेगळे ठेवणारे कायदे आले, तेव्हा त्या कायद्यांना याच पात्राचे नाव पडले. थट्टेतले पात्र कायद्याचे नाव होते! मनोरंजन निरुपद्रवी असते म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाले. चोवीस तास गाण्यांचे व्हिडिओ दाखवणाऱ्या या वाहिनीवर सुरुवातीला काळे कलाकार जवळपास दिसतच नव्हते. आम्ही रॉक संगीताची वाहिनी आहोत, असे कारण दिले जाई. वास्तविक रॉक संगीताचा पाया काळ्या गायक-वादकांनीच घातलेला. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने एमटीव्हीच्याच मुलाखतीत विचारले, तुमच्याकडे काळे कलाकार इतके कमी का? समोरच्या निवेदकाने छोट्या गावांतल्या प्रेक्षकांना काय रुचेल, याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचे 'बिली जीन' एमटीव्हीवर झळकले आणि दार उघडले. वाहिनीचे हृदयपरिवर्तन झाले म्हणून ते उघडले, असे आम्हाला वाटत नाही. त्या गाण्याला डावलणे धंद्याला परवडणारे नव्हते. 'गुणवत्ता' आणि 'प्रेक्षकांची आवड' हे शब्द भेदभावाला झाकण्यासाठी कसे वापरले जातात, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

दारातून आत गेल्यावर दोन वाटा फुटल्या. एक वाट १९८९ मधल्या पब्लिक एनिमीच्या 'फाइट द पॉवर'ची. स्पाइक ली या काळ्या दिग्दर्शकाने हा व्हिडिओ ब्रुकलिनच्या रस्त्यावर प्रत्यक्ष मोर्चा काढून चित्रित केला. शेकडो माणसे, हातात फलक, फलकांवर आपल्या नेत्यांची चित्रे. यात काळी माणसे गर्दी म्हणून दिसत नाहीत, संघटित समाज म्हणून दिसतात. गोऱ्या प्रेक्षकाला हसवायचे किंवा घाबरवायचे, या दोन्ही कामांतून ती मोकळी झालेली असतात.

दुसरी वाट बाजाराची. सोन्याच्या साखळ्या, महागड्या गाड्या, बंदुका आणि कॅमेऱ्यासमोर कंबर हलवणाऱ्या बायका. 'काळा पुरुष म्हणजे गुंड आणि काळी स्त्री म्हणजे देह' हे जुनेच चित्र, फक्त आता ते काळ्या कलाकाराच्या हातून विकले जाऊ लागले. २००३ च्या 'टिप ड्रिल' या व्हिडिओत नेली हा रॅपर एका स्त्रीच्या नितंबांमधून क्रेडिट कार्ड फिरवतो. गुलामांच्या बाजारात काळ्या स्त्रीच्या देहाला किंमत लावली जायची. इथे किंमत लावणारा आपलाच भाऊ.

यानंतर जे घडले ते प्रत्येक कार्यकर्त्याने माहीत करून घ्यावे. अटलांटातील स्पेलमन कॉलेज ही काळ्या स्त्रियांची ऐतिहासिक शिक्षणसंस्था. २००४ मध्ये नेलीच्या फाउंडेशनतर्फे तिथे अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीचे शिबिर व्हायचे होते. त्याची बहीण रक्ताच्या कर्करोगाने आजारी होती. विद्यार्थिनींचा शिबिराला विरोध नव्हता. तुझ्या व्हिडिओविषयी आमच्याशी समोरासमोर बोल, एवढीच त्यांची मागणी होती. चर्चा झालीच नाही, फाउंडेशनने शिबिर मागे घेतले. मग त्या मुलींवर टीका झाली की आजारपणाच्या प्रसंगी हा विषय काढायचा का? समाजाची बदनामी का करता? हे प्रश्न आपल्या भगिनींनाही ओळखीचे वाटतील. 'आधी लढा, बायकांचा प्रश्न नंतर' हे वाक्य प्रत्येक शोषित समाजात कुणीतरी म्हणतच असते. त्या विद्यार्थिनींपैकी एक, मोया बेली, पुढे अभ्यासक झाल्या आणि काळ्या स्त्रीला एकाच वेळी वर्ण आणि लिंग यांवरून सोसाव्या लागणाऱ्या द्वेषासाठी त्यांनी स्वतंत्र शब्द घडवला.

२०१८ मध्ये चाइल्डिश गॅम्बिनोचा 'धिस इज अमेरिका' आला. दिग्दर्शक हिरो मुराई. गॅम्बिनो जिम क्रोच्या चित्राची आठवण करून देणाऱ्या पवित्र्यात उभा राहतो आणि डोके झाकलेल्या माणसाला गोळी घालतो. बंदूक लाल कापडात अलगद ठेवली जाते, मृतदेह मात्र फरफटत नेला जातो. मग शाळकरी मुलांसोबत नाच सुरू होतो आणि मागे दंगल पेटते. थोड्या वेळाने चर्चमध्ये गातात तशा गायकवृंदावर तो गोळ्या झाडतो. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने नऊ काळ्या माणसांना मारले होते, ते आठवल्याशिवाय राहत नाही. पाहणाऱ्याची नजर नाचावर खिळते आणि मागची माणसे सुटतात. हा व्हिडिओ काळ्या माणसाचे 'चांगले' चित्र देत नाही. तो पाहणाऱ्यालाच पकडतो : तुला आमचा नाच हवा, आमचा जीव नको! तरीही काळ्या माणसाचे मरण पुन्हा पुन्हा पडद्यावर दाखवावे का, हा आक्षेप आम्हाला खोडून काढता येत नाही.

या सगळ्याशी आपला काय संबंध? संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केले ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. आज आपली पोरे मोबाइलवर रॅप करतात, जयंतीची गाणी स्वतः चित्रित करून यूट्यूबवर टाकतात. वाहिन्यांच्या दारात उभे राहायची गरज उरली नाही, ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच आता जबाबदारी आपली.

गरिबाच्या पोराने गाडी दाखवली, गॉगल लावला तर बिघडले काय? काहीच नाही. बाबासाहेबांचा सूटबूट हे याच कारणासाठी व्यवस्थेला दिलेले उत्तर होते. तुम्ही आम्हाला जसे पाहू इच्छिता तसे आम्ही दिसणार नाही, हे त्या सुटाने सांगितले. पण त्या सुटासोबत हातात पुस्तक होते, आणि स्वतःची प्रतिष्ठा मिळवताना त्यांनी कुणाच्या देहाची वस्तू केली नाही. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणारा आपला बाप आहे, हे कॅमेरा सुरू करताना विसरून चालणार नाही.

मित्रांनो, पुढचे गाणे चित्रित कराल तेव्हा तीन प्रश्न विचारा. आपण कुणाच्या नजरेसाठी नाचतोय? यातून पैसा आणि प्रतिष्ठा कुणाला मिळतेय? आणि आपली आई-बहीण या चित्रात माणूस म्हणून आहे की सजावट म्हणून? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर ते गाणे कितीही निळे असो, ते आंबेडकरी नाही.

जय भीम!